कंटेनर इमेजसाठी कोणता रनटाइम घ्यायचा? नेहमीचे प्रश्न, नेमकी उत्तरं

अंबड-सातपूरच्या कारखान्यांचं उत्पादन सॉफ्टवेअर, पिंपळगाव-लासलगावच्या लिलावाच्या पट्ट्या, द्राक्षांच्या पॅकहाऊसचा हिशेब. नाशिकमधल्या छोट्या टीम असली कामं आता सर्रास डॉकरमध्ये, म्हणजे प्रोग्राम आणि त्याला लागणारं सगळं एका 'इमेज'मध्ये बांधून, चालवतात (चालू झालेली इमेज म्हणजे कंटेनर). इमेज कशी बांधायची हे सांगणाऱ्या डॉकरफाइलची पहिली ओळ बहुतेक वेळा जुन्या प्रोजेक्टमधून उचललेली असते. त्या ओळीत 'फ्रॉम'पुढे काय लिहायचं, म्हणजे भाषा चालवणारा रनटाइम आणि त्याखालचं लिनक्स कोणतं घ्यायचं, आणि त्या निवडीनंतर काय अडतं, एवढ्यापुरतेच हे प्रश्न आहेत.

जावा म्हणजे जावाच ना? मग टेम्युरिन, कोरेटो, झुलू, लिबेरिका ही सगळी कशाला?

सोर्स एकच आहे, ओपनजेडीके हा जावाचा खुला कोड. तो बिल्ड करून वाटणारे वेगवेगळे आहेत. टेम्युरिन एक्लिप्सच्या अडॉप्टियम प्रकल्पाचं, कोरेटो ॲमेझॉनचं, झुलू अझुलचं, लिबेरिका बेलसॉफ्टचं. मायक्रोसॉफ्ट, रेड हॅट आणि सॅप यांचेही बिल्ड आहेत. तुमचा कोड या सगळ्यांवर सारखाच चालतो. वेगाचा फरकही सहसा मोजण्याइतका नसतो, कारण आतलं हॉटस्पॉट इंजिन तेच. अपवाद आयबीएमच्या सेमेरूचा. त्यात ओपनजे९ हे वेगळं इंजिन असल्यामुळे मेमरीचे आकडे आणि फ्लॅग दोन्ही बदलतात.

खरा फरक तीन गोष्टींत असतो: जुन्या आवृत्तीला पॅच किती वर्षं मिळणार, इमेजच्या तळाशी कोणतं लिनक्स आहे, आणि अडचण आली तर पैसे देऊन कुणाला फोन करता येतो. जावाचे सुरक्षा पॅच दर तिमाहीला येतात, जानेवारी, एप्रिल, जुलै आणि ऑक्टोबरमध्ये. ज्या वितरणाची नवी इमेज त्यानंतर थोड्याच दिवसांत रजिस्ट्रीत, म्हणजे इमेजच्या साठ्यात, दिसते, ते चांगलं. बाकी ब्रँडवरून वाद घालण्यात वेळ घालवू नये.

मग थेट सांगा, काय घेऊ?

जावासाठी टेम्युरिन २१, जेआरई (फक्त चालवण्यापुरती जावा), उबंटू नोबलवरची. सर्व्हर ॲमेझॉनच्या मुंबई रीजनमध्ये असेल तर कोरेटो. ग्राहकाचा आयटी विभाग रेड हॅटशिवाय बोलतच नसेल तर यूबीआय या रेड हॅटच्या तळावरची ओपनजेडीके इमेज. यूबीआय वापरायला आणि पुढे वाटायला वर्गणी लागत नाही. पायथॉनसाठी अधिकृत इमेजचा स्लिम म्हणजे छाटलेला प्रकार, डेबियनचं नाव टॅगमध्ये (इमेजच्या नावापुढच्या आवृत्तीच्या खुणेत) लिहून. नोडसाठीही स्लिम. गो असेल तर सीगो (सी लायब्रऱ्यांशी जोडणारी सोय) बंद करून स्टॅटिक, म्हणजे बाहेरची लायब्ररी न लागणारी, बायनरी आणि खाली डिस्ट्रोलेस स्टॅटिक, म्हणजे शेल किंवा पॅकेज मॅनेजर नसलेला तळ. डॉटनेटसाठी मायक्रोसॉफ्टची एएसपीनेट इमेज.

यातून बाहेर पडायला ठोस कारण हवं. 'इमेज लहान होते' हे एकटं कारण पुरत नाही. का ते अल्पाइनच्या प्रश्नात येईल.

आमच्या जुन्या डॉकरफाइलमध्ये 'ओपनजेडीके:८-जेआरई' आहे आणि ते चालतं. बदलायला हवं का?

हो, आणि लवकर. डॉकर हब या डॉकरच्या रजिस्ट्रीवरची 'ओपनजेडीके' ही अधिकृत इमेज २०२२ मध्ये नापसंत ठरवली गेली. तिच्या स्थिर आवृत्त्यांना तेव्हापासून पॅच नाहीत. टॅग पुल होत (उतरत) असेल तोवर काही बिघडलंय हे कळत नाही. टेम्युरिन किंवा कोरेटोचा ८ घ्या. ओळ बदलण्याइतकंच काम आहे, पण फॉन्ट आणि टीएलएस (सुरक्षित जोडणी) यांबद्दलची उत्तरं खाली वाचून मगच बदला.

असंच तयार इमेज पुरवणाऱ्या बिटनामीचंही. ऑगस्ट २०२५ नंतर त्यांच्या आवृत्तीवार मोफत इमेज 'बिटनामीलेगसी' या वेगळ्या नावाखाली गेल्या आणि तिथे अपडेट येत नाहीत. कंपोझ फाइलमध्ये (कंटेनर एकत्र चालवायच्या यादीत) बिटनामी शोधा.

ओरॅकलचं जेडीके वापरलं तर पैसे पडतात का?

आवृत्तीवर अवलंबून आहे. जेडीके १७ मोफत अटींवर सप्टेंबर २०२४ पर्यंतच होतं. त्यानंतरचे १७ चे अपडेट वेगळ्या परवान्याखाली येतात आणि व्यावसायिक वापराला वर्गणी लागते. जेडीके २१ साठी हीच वेळ सप्टेंबर २०२६ मध्ये येते. जानेवारी २०२३ पासूनची वर्गणी सर्व्हरवर नाही, कंपनीच्या एकूण कर्मचारीसंख्येवर मोजली जाते. ३०० कामगारांच्या कारखान्यात जावा वापरणारे दोघेच असले तरी हिशेब ३०० चा. ग्राहकाच्या आवारात इमेज बसवत असाल तर हा भार नकळत त्याच्या डोक्यावर जातो. ओपनजेडीकेची वर दिलेली वितरणं असताना हे ओढवून घ्यायचं कारण नाही.

अल्पाइन लिनक्सची इमेज एवढीशी असते. सगळे तीच का घेत नाहीत?

अल्पाइनची तळाची इमेज ८ एमबीच्या आसपास, डेबियन स्लिम ७५ च्या आसपास. आकडा बघून मोह होतो, पण दोन्हींमधला महत्त्वाचा फरक आकाराचा नाही, सी लायब्ररीचा आहे, म्हणजे बहुतेक प्रोग्राम ज्या मूळ लायब्ररीवर उभे असतात तिचा. डेबियन, उबंटू आणि रेड हॅट ग्लिबसीवर चालतात, अल्पाइन मसलवर. ग्लिबसीसाठी बांधलेली बायनरी मसलवर चालत नाही.

याचं सगळ्यात गोंधळात टाकणारं रूप असं दिसतं: कंटेनर सुरू होताना 'नॉट फाउंड' म्हणतो, आत जाऊन बघितलं तर फाइल जागेवर असते आणि एक्झिक्यूट परवानगीही असते. सापडत नसतो तो प्रोग्राम नव्हे, त्याला मेमरीत चढवणारा लोडर. बायनरी 'एलडी-लिनक्स-एक्स८६-६४.एसओ.२' मागते आणि अल्पाइनमध्ये ती फाइलच नसते. बायनरीवर 'फाइल' ही आज्ञा चालवली की ती कोणता इंटरप्रिटर मागते ते छापून येतं, आणि पाच मिनिटांत प्रश्न सुटतो. नाहीतर दिवस जातो.

पायथॉनमध्ये हेच वेगळ्या रूपात भेटतं. पिप हा पॅकेज टाकणारा प्रोग्राम तयार व्हील, म्हणजे आधीच कंपाइल केलेलं पॅकेज, शोधतो. मसलसाठीची व्हील २०२१ नंतर यायला लागली आणि नमपाय-पांडासला ती आता मिळतात. टेन्सरफ्लो आणि पायटॉर्चला मिळत नाहीत. मधल्या कित्येक पॅकेजांना व्हील नसेल तर पिप सोर्सपासून कंपाइल करायला बसतो. मग जीसीसी, मसल-डेव्ह आणि हेडर घाला, ४० सेकंदांचा बिल्ड २० मिनिटांवर जातो आणि शेवटी इमेज स्लिमपेक्षा मोठी निघते.

कारखान्यात ओरॅकल डेटाबेस असेल तर त्याचं इन्स्टंट क्लायंट ग्लिबसीवरच चालतं. पायथॉनच्या ओरॅकलडीबी ड्रायव्हरचा थिन मोड क्लायंटशिवाय चालतो, तो वापरता आला तर ही अडचण टळते.

नोडची अल्पाइन इमेज अधिकृत असली तरी तिच्यातली मसलची बायनरी नोड प्रकल्पाच्या 'अनऑफिशियल बिल्ड्स'मधून येते. पपेटिअर (नोडमधून ब्राउझर चालवणारी लायब्ररी) जो क्रोम उतरवून घेते तो ग्लिबसीचा असतो, तो अल्पाइनवर उठत नाही. एपीके या अल्पाइनच्या पॅकेज मॅनेजरमधून क्रोमियम टाकून त्याचा मार्ग द्यावा लागतो.

आणखी दोन गोष्टी. मसलमध्ये थ्रेडचा डीफॉल्ट स्टॅक १२८ केबी असतो, ग्लिबसीवर सहसा ८ एमबी. खोल रिकर्शन करणारी नेटिव्ह लायब्ररी तिथे न सांगता कोसळते. आणि अल्पाइन ३.१८ च्या आधीच्या मसलमध्ये डीएनएसचं (होस्टच्या नावावरून पत्ता सांगणाऱ्या सेवेचं) मोठं उत्तर टीसीपीवरून घेण्याची सोय नव्हती, त्यामुळे काही नावं कधी सापडायची, कधी नाही. जुन्या अल्पाइनवर 'मधूनच होस्ट सापडत नाही' अशी तक्रार असेल तर आधी हे बघा.

अल्पाइन कुठे चांगली? शुद्ध जावास्क्रिप्ट, शुद्ध पायथॉन, एनजिनएक्स, आणि जेएनआय (जावातून नेटिव्ह कोड बोलावण्याची सोय) न वापरणारी जावा. मसलसाठीचा जावा पोर्ट जेडीके १६ पासून अधिकृत आहे.

अल्पाइनमध्ये पॅकेजची नेमकी आवृत्ती लिहिली होती. महिन्याभराने बिल्ड फुटला. असं का?

अल्पाइनच्या रेपॉझिटरीत त्या शाखेची ताजी आवृत्तीच ठेवतात, जुनी काढून टाकतात. त्यामुळे 'बरोबर हीच' असं लिहिलेलं पॅच आल्यावर सापडत नाही. शाखा टॅगमध्ये पक्की करा आणि पॅकेजला 'सुमारे'ची खूण, म्हणजे नागमोडी रेघ (~) वापरा.

स्लिम आणि पूर्ण इमेज यांत काय गाळलेलं असतं?

पूर्ण पायथॉन इमेज १ जीबीच्या घरात जाते, कारण तिच्यात कंपायलर, गिट आणि ढीगभर '-डेव्ह' पॅकेजं असतात. स्लिममध्ये ती नसतात. दोन टप्प्यांचा बिल्ड करा: पहिल्या टप्प्यात पूर्ण इमेजवर व्हर्च्युअल एन्व्ह, म्हणजे पायथॉन पॅकेजांचा स्वतंत्र फोल्डर, बनवा, दुसऱ्या टप्प्यात स्लिमवर फक्त तो फोल्डर त्याच मार्गावर कॉपी करा. पोस्टग्रेसचा सायकोपीजी२ हा ड्रायव्हर सोर्सवरून बांधत असाल तर पहिल्या टप्प्यात 'लिबपीक्यू-डेव्ह' आणि जीसीसी, दुसऱ्यात फक्त 'लिबपीक्यू५'. दुसरं विसरलं की बिल्ड हिरवा आणि इम्पोर्ट लाल.

दोन्ही टप्पे एकाच डेबियनचे हवेत. डेबियन ११ म्हणजे बुल्सआयमध्ये ग्लिबसी २.३१ आहे, १२ म्हणजे बुकवर्ममध्ये २.३६, १३ म्हणजे ट्रिक्सीमध्ये २.४१. नव्यावर बांधून जुन्यावर चालवलं की 'ग्लिबसी २.३४ नॉट फाउंड' अशी ओळ येते. गोमध्ये सीगो चालू राहिलं की हमखास हेच होतं: गोलँगची इमेज पुढच्या डेबियनवर सरकलेली असते आणि तुमची खालची ओळ दोन वर्षांपूर्वीची असते.

आणि आकाराची फार चिंता करू नका. एकाच तळावरच्या दहा सर्व्हिस असतील तर तो तळ सर्व्हरवर एकदाच उतरतो. पाच भाषांसाठी पाच वेगवेगळे 'लहान' तळ घेण्यापेक्षा सगळीकडे एकच डेबियन परवडतो.

पायथॉनच्या इमेजमध्ये ॲप्टने (डेबियनच्या पॅकेज मॅनेजरने) पांडास टाकला, तरी इम्पोर्ट होत नाही.

कारण आत आता दोन पायथॉन आहेत. अधिकृत इमेजमधला पायथॉन सोर्सवरून बांधून 'यूएसआर/लोकल/बिन'मध्ये ठेवलेला असतो. ॲप्टमधलं 'पायथॉन३-पांडास' आपल्यासोबत डेबियनचा पायथॉन ओढून आणतं आणि तो 'यूएसआर/बिन'मध्ये बसतो. पांडास त्याच्याकडे गेला, तुमचा प्रोग्राम पहिल्याकडे आहे. पायथॉनची पॅकेजं पिपने टाका, ॲप्टने फक्त सी लायब्रऱ्या.

उलट, साध्या डेबियनवर ॲप्टने पायथॉन घेऊन पिप चालवलात तर बुकवर्मपासून 'एक्स्टर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्न्मेंट' म्हणून नकार मिळतो. तो नकार मोडून काढायचा फ्लॅग आहे. तो वापरू नका, व्हर्च्युअल एन्व्ह बनवा.

टॅग कसा लिहायचा? 'लेटेस्ट' वाईट, हे माहीत आहे.

'३.१२-स्लिम'सुद्धा पुरेसा पक्का नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये डेबियन १३ म्हणजे ट्रिक्सी आलं आणि असे टॅग बुकवर्मवरून ट्रिक्सीवर सरकले. पायथॉन ३.१२ च राहिला, पण खालची प्रत्येक लायब्ररी बदलली. ज्यांनी '३.१२-स्लिम-बुकवर्म' लिहिलं होतं त्यांना काही जाणवलं नाही.

म्हणून भाषेची लहान आवृत्ती, प्रकार आणि डेबियन किंवा उबंटूचं नाव हे तिन्ही लिहा. प्रॉडक्शनला त्यापुढे एसएचए२५६ डायजेस्टही, म्हणजे त्या एकाच इमेजचा नेमका ठसा, जोडा. डायजेस्ट जोडला की पॅच आपोआप येणं बंद होतं, हे मात्र विसरू नका. रेनोव्हेट किंवा डिपेंडाबॉट हे आवृत्त्या आपोआप पुढे नेणारं साधन लावून दर आठवड्याला तो पुढे सरकवा. हे जमणार नसेल तर डायजेस्ट न लावता दर आठवड्याला '--पुल' आणि '--नो-कॅश' देऊन नवा बिल्ड काढणं बरं.

'ॲप्ट-गेट अपडेट' आणि 'इन्स्टॉल' एकाच रन ओळीत ठेवा. वेगळ्या ठेवल्या तर पहिली ओळ कॅशमधून जुनी यादी देते आणि दुसरी ४०४ वर आपटते.

सिंहस्थापर्यंत चालवायचं ॲप आहे. कोणती आवृत्ती तोपर्यंत टिकेल?

मुख्य गर्दी ऑगस्ट-सप्टेंबर २०२७ मधली. निवासाचं बुकिंग असो की पार्किंगचं, त्या काळात रनटाइम बदलायला कुणाला सवड नसणार. म्हणून उलटा हिशेब करा.

नोड २० ची मुदत एप्रिल २०२६ पर्यंतच. नोड २२ एप्रिल २०२७ मध्ये संपतो, म्हणजे नेमका पर्वणीच्या तोंडावर. २४ घ्या, तो एप्रिल २०२८ पर्यंत आहे. डॉटनेट ८ नोव्हेंबर २०२६ मध्ये संपतं, डॉटनेट १० नोव्हेंबर २०२८ पर्यंत. पायथॉन ३.१२ ला सुरक्षा पॅच ऑक्टोबर २०२८ पर्यंत. पीएचपी ८.३ डिसेंबर २०२७ अखेर, पुरतो पण काठावर. जावा २१ ची काळजी नाही, टेम्युरिन ती किमान २०२९ अखेरपर्यंत देणार आहे आणि कोरेटो त्याहून पुढे.

भाषेची मुदत आणि तळाची मुदत वेगळी असते हेही पाहा. अल्पाइनची एक शाखा साधारण दोन वर्षं चालते. जुन्या डेबियनची रेपॉझिटरी अर्काइव्हमध्ये गेली की त्या दिवसापासून तुमचा बिल्ड ४०४ देतो, मग भाषा कितीही ताजी असो.

कंटेनरला ५१२ एमबी दिले, जावा तरी 'आउट ऑफ मेमरी' म्हणते. दुसरा कंटेनर १३७ कोड देऊन मरतो.

ही दोन वेगळी दुखणी आहेत. जावा काही न सांगता कंटेनरच्या मेमरीचा चौथा हिस्सा हीप (प्रोग्रामच्या ऑब्जेक्टसाठीची जागा) म्हणून घेते. ५१२ मधले १२८. हीप भरली की जावा स्वतः अपवाद फेकते, लॉगमध्ये स्टॅक ट्रेस दिसतो. १३७ म्हणजे १२८ अधिक ९ (किल सिग्नलचा क्रमांक): मेमरी मर्यादेबाहेर गेली म्हणून कर्नलने किल केलं. लॉगमध्ये काहीच नसतं.

'मॅक्सरॅमपर्सेंटेज' ७० च्या आसपास द्या. १ जीबीच्या कंटेनरला त्यातून सुमारे ७१७ एमबी हीप मिळते आणि उरलेले ३०० मेटास्पेस, कोड कॅश आणि थ्रेडसाठी राहतात. थ्रेडमागे १ एमबीपर्यंत स्टॅक धरा. २०० थ्रेडचा टॉमकॅट असेल तर ९० टक्के देऊन १३७ ओढवून घ्याल. ५१२ एमबीच्या कंटेनरला ५०-६० च्या वर जाऊ नका.

हे सगळं तेव्हाच खरं, जेव्हा जावाला कंटेनरची मर्यादा दिसते. जावा ८ मध्ये ती अपडेट १९१ पासून दिसते. पण नव्या उबंटू-डेबियन होस्टवर सीग्रुप व्ही२ (कंटेनरच्या मर्यादा लावणाऱ्या लिनक्सच्या सोयीची नवी आवृत्ती) असतो आणि तो ८ मध्ये अपडेट ३७२ पासून, ११ मध्ये ११.०.१६ पासूनच कळतो. होस्ट नवा केला आणि जुनी जावा अचानक ३२ जीबीच्या मशीनप्रमाणे हीप मागू लागली, तर कारण हेच.

१७ आणि २१ मध्ये दोनपेक्षा कमी सीपीयू किंवा १७९२ एमबीपेक्षा कमी मेमरी दिली की जावा जी१ सोडून सीरियल कलेक्टर (वापर संपलेली मेमरी मोकळी करणारा साधा भाग) निवडते. लहान सर्व्हिसला ते चालतं. अर्धा सीपीयू देऊन वर मेमरी साफ करताना ॲप इतका वेळ का थांबतं, हे विचारू नका.

नोडला '--मॅक्स-ओल्ड-स्पेस-साइझ' स्वतः द्या. ५१२ च्या कंटेनरला ३८४ ठीक. गोला १.१९ पासून 'गोमेमलिमिट' आहे, आणि सीपीयूची मर्यादा १.२५ पासून तो आपोआप ओळखतो. पायथॉनमध्ये गनिकॉर्न या वेब सर्व्हरचे वर्कर 'कोरच्या दुप्पट अधिक एक' या सूत्राने काढत असाल तर सीपीयू काउंट होस्टचे कोर सांगतो. १६ कोरच्या होस्टवर ३३ वर्कर उठतात, कंटेनरला एकच सीपीयू असला तरी. आकडा हाताने लिहा.

लिलावाच्या पट्टीच्या पीडीएफमध्ये मराठीच्या जागी चौकोन येतात. लॅपटॉपवर बरोबर दिसतं.

लॅपटॉपवर देवनागरी फॉन्ट आहेत, स्लिम इमेजमध्ये एकही फॉन्ट नाही. डेबियन-उबंटूवर 'फॉन्टकॉन्फिग' आणि 'फॉन्ट्स-लोहित-देवा' टाका. नोटो हवा असेल तर 'फॉन्ट्स-नोटो-कोअर', तो बराच मोठा आहे. अल्पाइनवर 'फॉन्ट-नोटो-देवनागरी'. मग कंटेनरच्या आत 'एफसी-लिस्ट :लँग=एमआर' चालवा. निदान एक ओळ यायला हवी. रिकामं आलं तर पुढे जाऊ नका.

जावामध्ये फॉन्टकॉन्फिग नसेल तर चौकोनसुद्धा येत नाहीत, थेट 'फॉन्टकॉन्फिगरेशन'मध्ये नल पॉइंटर येतो. एक्सेल बनवणारा पीओआय कॉलमची रुंदी आपोआप ठरवायला गेला की हाच अपवाद फेकतो, आणि लोक पीओआयची आवृत्ती बदलत बसतात.

चौकोन गेले पण 'नाशिक'मधली पहिली वेलांटी 'श'च्या उजवीकडे पडली, 'क्ष' फुटून दोन अक्षरं झाली, तर फॉन्टचा दोष नाही. अक्षरांची जुळणी करणारं इंजिन वाटेत लागलेलं नाही. जावा ९ पासून पडद्यावरच्या मजकुरासाठी हार्फबझ हे असं इंजिन वापरते, पण पीडीएफ लायब्ररी स्वतःच अक्षरं मांडत असेल तर त्याचा उपयोग होत नाही. अशा ठिकाणी एचटीएमएल बनवून क्रोमियमकडून पीडीएफ काढणं सगळ्यात कमी त्रासाचं. त्यासाठी इमेज ३००-४०० एमबीने फुगते. फुगू द्या, फक्त तेवढी सर्व्हिस वेगळी करा.

डॉटनेटची अल्पाइन इमेज आयसीयूशिवाय (प्रत्येक भाषेचे अंक-तारखांचे नियम देणाऱ्या लायब्ररीशिवाय) येते आणि 'इन्व्हेरियंट' मोड चालू असतो. 'एमआर-आयएन' (मराठी, भारत) ही संस्कृती मागितली की अपवाद. लाख-कोटीचे स्वल्पविराम हवे असतील तर आयसीयू टाकून तो मोड बंद करा, किंवा उबंटू चिझल्ड या छाटलेल्या इमेजचा '-एक्स्ट्रा' प्रकार घ्या.

नोंदींची वेळ साडेपाच तास मागे पडते.

कंटेनर यूटीसीवर (जागतिक प्रमाणवेळेवर) चालतो. 'टीझेड' या एन्व्हायर्न्मेंट व्हेरिएबलमध्ये 'एशिया/कोलकाता' द्या. पण झोनची माहिती आत नसेल तर ग्लिबसी तक्रार न करता यूटीसीच धरते, म्हणून 'डेट' चालवून खात्री करा. अल्पाइनच्या तळात टीझेडडेटा नसतो, टाकावा लागतो. जावा आणि नोड स्वतःची माहिती बाळगतात. गोमध्ये रिकाम्या स्क्रॅच इमेजवर 'अननोन टाइम झोन' येतं. 'टाइम/टीझेडडेटा' इम्पोर्ट केलं की बायनरी ४५० केबीने वाढते आणि प्रश्न मिटतो.

एक बारीक काटा: क्रोम ब्राउझर आजही 'एशिया/कलकत्ता' हे जुनं नाव पाठवतो. ट्रिक्सी आणि उबंटू २४.०४ मध्ये जुनी नावं 'टीझेडडेटा-लेगसी' या वेगळ्या पॅकेजात गेली आहेत. ब्राउझरकडून आलेलं नाव पायथॉनच्या झोनइन्फोला दिलं की बुकवर्मवर चालतं, ट्रिक्सीवर फुटतं. लेगसी पॅकेज टाका किंवा पिपचं टीझेडडेटा.

तारखेचा हिशेब मध्यरात्री ते पहाटे साडेपाच या वेळेत तपासा. भाजीपाल्याच्या पहाटेच्या आवकेच्या पावत्या कालच्या तारखेने निघतात त्या याच वेळेतल्या.

कारखान्याच्या नेटवर्कमध्ये गेलं की सर्टिफिकेटची त्रुटी येते.

तिथल्या फायरवॉलचं खासगी रूट सर्टिफिकेट इमेजला माहीत नसतं. डेबियनमध्ये ते टाकून 'अपडेट-सीए-सर्टिफिकेट्स' चालवलं की कर्ल चालतो, बाकीचे नाहीत. जावा स्वतःच्या 'सीएसर्ट्स'मध्ये बघते. टेम्युरिनमध्ये 'यूज_सिस्टम_सीए_सर्ट्स' ठेवून फाइल 'सर्टिफिकेट्स' फोल्डरमध्ये माउंट करता येते. नोडला 'नोड_एक्स्ट्रा_सीए_सर्ट्स', पायथॉनच्या रिक्वेस्ट्सला 'रिक्वेस्ट्स_सीए_बंडल'. पडताळणी बंद करणं हा उपाय नाही.

जावा नवी केल्यावर जुन्या एसक्यूएल सर्व्हरशी हँडशेक तुटला, तर कारण वेगळं. एप्रिल २०२१ च्या पॅचपासून, म्हणजे ८ चा अपडेट २९१ आणि ११.०.११ पासून, टीएलएस १.० आणि १.१ बंद आहेत. तो सर्व्हर १.२ वर आणा. तोवर अगदीच अडलं तर त्या एकाच सर्व्हिसपुरती जावाची बंद अल्गोरिदमची यादी सैल करा.

मॅकवर बनवलेली इमेज सर्व्हरवर 'एक्झेक फॉरमॅट एरर' देते.

एम मालिकेचा मॅक आर्म६४ इमेज बनवतो, सर्व्हर एएमडी६४ (इंटेल-एएमडी प्रोसेसरचा) आहे. '--प्लॅटफॉर्म लिनक्स/एएमडी६४' द्या. मॅकवर हा बिल्ड इम्युलेशनमुळे रखडतो, म्हणून सीआयवर (आपोआप बिल्ड करणाऱ्या सर्व्हरवर) केलेला बरा.

'टू मेनी रिक्वेस्ट्स' येतं. आम्ही तर फारसं पुल करत नाही.

डॉकर हब लॉगिन न केलेल्यांना आयपीमागे ६ तासांत १०० पुल देतं. ऑफिसातले सगळे एकाच ब्रॉडबँडच्या आयपीमागे बसलेले, वर सीआय रनर. सकाळीच कोटा संपतो. लॉगिन करा, किंवा ऑफिसातल्या मशीनवर 'रजिस्ट्री' इमेज पुल-थ्रू कॅश (एकदा उतरलेली इमेज जवळ ठेवणारा साठा) म्हणून चालवा. नेट गेल्यावरही तिचा उपयोग होतो. डॉकरचं 'रजिस्ट्री-मिरर्स' सेटिंग फक्त डॉकर हबलाच लागू होतं, बाकी रजिस्ट्रींना नाही.

सुरक्षा स्कॅनर डेबियनवर शंभरावर दोष दाखवतो, डिस्ट्रोलेसवर चार. मग डिस्ट्रोलेसच ना?

आधी '--इग्नोर-अनफिक्स्ड' देऊन ट्रिव्ही हा स्कॅनर चालवा. ज्यांना पॅच उपलब्धच नाही असे गेले की यादी आटोपशीर होते.

शून्य आकड्यावरही भरवसा ठेवू नका. स्कॅनर मुख्यतः पॅकेज डेटाबेस वाचतो. टेम्युरिनची जावा टारमधून 'ऑप्ट/जावा'मध्ये आणि अधिकृत पायथॉन सोर्सवरून येतो. दोन्ही डीपीकेजीच्या, म्हणजे डेबियनच्या पॅकेजांच्या, यादीत नसतात. तळ स्वच्छ आणि रनटाइम दोन वर्षं जुना, असं सहज घडतं. 'जावा -व्हर्जन'चा आउटपुट सीआयमध्ये छापा आणि तिमाहीच्या पॅचशी ताडून बघा.

डिस्ट्रोलेस चांगलीच आहे, पण आत शेल (आज्ञा टाइप करायची सोय) नाही. रात्री काही बिघडलं तर 'एक्झेक' करून आत जाता येत नाही. कुबरनेटिसवर (अनेक सर्व्हरवर कंटेनर चालवणाऱ्या व्यवस्थेवर) 'क्यूबसीटीएल डीबग'ने बाजूला तात्पुरता कंटेनर लावता येतो. साध्या डॉकरवर 'डीबग' टॅगची इमेज, जिच्यात बिझीबॉक्सचं छोटं शेल असतं. टीममध्ये हे दोन्ही कुणी करून पाहिलं नसेल तर स्लिमवर राहा.

कंटेनर थांबवायला बरोबर १० सेकंद लागतात.

थांबण्याचा सिग्नल प्रोग्रामपर्यंत पोचत नाही, डॉकर १० सेकंद वाट पाहून मारतो. डॉकरफाइलमधली सीएमडी ओळ चौकटी कंसात यादी म्हणून लिहा, 'एनपीएम स्टार्ट'ऐवजी थेट 'नोड' चालवा, आणि '--इनिट' द्या. लिलाव चालू असताना डिप्लॉय केलं की अर्धवट व्यवहार यामुळेच राहतात.

चालू प्रोजेक्ट जावा ८ वरून २१ वर न्यायचा आहे. कुठे अडेल?

सुरुवातीलाच अडतो. जुने फ्लॅग काढा: 'मॅक्सपर्मसाइझ' १७ मध्ये ओळखलाच जात नाही, सीएमएस कलेक्टर १४ मध्ये गेला. अनोळखी फ्लॅग असला की जेव्हीएम (जावाचं इंजिन) उठतच नाही. मग जॅक्सबी, म्हणजे एक्सएमएल वाचणारी-लिहिणारी लायब्ररी: 'जावाएक्स.एक्सएमएल.बाइंड' ११ मध्ये काढलं गेलं, वेगळी डिपेंडन्सी म्हणून घाला, नाहीतर क्लास सापडत नाही अशी त्रुटी पहिल्या एक्सएमएलवर येते, सुरू होताना नाही. वितरण आणि आवृत्ती एकाच दिवशी बदलू नका. आधी ८ वरच टेम्युरिनवर या, एक आठवडा चालू द्या, मग आवृत्ती वाढवा. म्हणजे काही फुटलं तर कशामुळे, हे शोधत बसावं लागत नाही.